नाक्यावरचं घर

ट्रक चालवणाऱ्याला गावं कळतात ती रात्री. दिवसा सगळीच गावं आपापल्या गडबडीत असतात. रात्री दोन-अडीचला गाडी बाजूला लावून केबिनचं दार उघडलं, की कुठल्या गावात हातपंपाजवळ उजेड आहे, कुठला चहावाला ‘बसा’ म्हणतो आणि कुठला मान वर न करता पैसे आधी मागतो, हे सगळं ध्यानात राहतं. मुद्दाम लक्षात ठेवावं लागत नाही. वर्षानुवर्षं साठत गेलेल्या या माहितीवरच मी माझ्या उरलेल्या आयुष्यासाठी गाव निवडलं. हिंगोली जिल्ह्याच्या अगदी कडेला, वाशीमकडून येताना पैनगंगा ओलांडली की लागणारं कनेरगाव नाका.

इथं माझं नातेवाईक कुणी नव्हतं, जमीन नव्हती, सासुरवाडीही इकडची नाही. त्यामुळे लोक अजून विचारतात, ‘मग इथंच कसे राहिलात?’ माझ्या वयाचे, गाडीवरून उतरायच्या बेतात असलेले ड्रायव्हर तर फार बारकाईनं विचारतात. त्यांना कुणाची कथा नको असते, गाव कसं शोधायचं ते हवं असतं. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

माझा जन्म बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरून कारखान्याच्या रानात जायचं. तिथं पाचटाची आणि बांबूची कोपी. सहा महिने तेच घर. उन्हाळ्यात गावी परत यायचं तेव्हा शाळेची परीक्षा झालेली असायची. लहानपणी मला कुणी ‘तुमचं घर कुठंय’ विचारलं, तर मी महिना कोणता चाललाय ते बघून उत्तर द्यायचो.

शाळा सातवीत सुटली आणि 1992 मध्ये मी क्लिनर म्हणून गाडीवर चढलो. वस्तादाच्या हाताखाली काच पुसणं, दोर ओढणं, ताडपत्री बांधणं, गाडी मागे घेताना ओरडणं, रात्री मालावर झोपून राखण करणं, हे सगळं शिकलो. वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय माल वाहून नेणाऱ्या गाडीचा परवाना मिळत नाही. तो मिळाला आणि मी स्टिअरिंगवर बसलो. तेव्हापासून केबिन हेच घर. सीटच्या मागं दीड हात रुंदीची फळी, त्यावर अंथरूण. डोक्यावर देवांचे फोटो, एका कोपऱ्यात स्टोव्ह, मिठाची बरणी, दोन भांडी. बिल्टी आणि गाडीची कागदपत्रं उशाला. इंजिनची धग उन्हाळ्यात पायांना अशी लागायची की तळपायाची कातडी निघायची. आता 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 पासून सांगत होता, की दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर काम नको. मी ज्या गाड्यांवर होतो तिथं तास कुणी मोजत नव्हतं. माल कधी पोचला ते मोजायचे.

माझा बहुतेक वावर इंदूर–हैदराबाद या पट्ट्यात. खंडवा, बऱ्हाणपूर, अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर आणि पुढं संगारेड्डी. अकोल्यापासून संगारेड्डीपर्यंतचा हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 161 म्हणून ओळखला जातो. जाताना बटाटा, कांदा, कधी सोयाबीनची पेंड. येताना तांदूरची फरशी नाहीतर सिमेंट. हंगामात अर्धापूरची केळी उत्तरेकडं न्यायची, ती तर श्वास रोखून पळवावी लागत. वारंगा फाट्यावर थांबून खिचडी खायची, नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवायचं. पंजाबचे ड्रायव्हर तिथं हमखास भेटत. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांचं देहावसान नांदेडला झालं, तेव्हापासून हा रस्ता त्यांच्या घरच्या रस्त्यासारखाच आहे.

या सगळ्या काळात बायको आणि पोरं वाळूजला एका खोलीत भाड्यानं राहत होती. मी महिन्यातून दोन-तीनदा जायचो, तेही गाडी खाली व्हायला वेळ असेल तर. पोरगी मोठी होत गेली ती मला तुकड्यातुकड्यांनी दिसली. मग 2020 साल आलं. टाळेबंदीत अन्नधान्याच्या गाड्या चालू होत्या, ढाबे मात्र बंद. गावोगावी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. ज्यांच्यासाठी माल न्यायचा त्यांच्याच वेशीवर ड्रायव्हरला थांबवत होते. मी कुणाला दोष देत नाही, भीतीच तशी होती. पण रात्री केबिनमध्ये पडल्यावर विचार यायचा, की आजारी पडलो तर हक्कानं जाऊन पडावं अशी जागा मला कुठं आहे? गुडघे आधीच बोलायला लागले होते. समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात गेला की रस्ता क्षणभर दिसेनासा व्हायचा. जो ड्रायव्हर हे लपवतो तो दुसऱ्याचा जीव घेतो. मी ठरवलं, आता उतरायचं.

पुढं एकदा पोरीनं मोबाइलवर अमेरिकेतल्या लोकांबद्दल दाखवलं. तिकडं घरासारख्या गाडीत राहणारी माणसं आहेत. काही हौसेनं फिरतात, काहींचं घर गेलेलं असतं आणि उतारवयात ती गाडी घेऊन कामाच्या मागं हिंडतात. जेसिका ब्रूडर नावाच्या पत्रकार बाईंनी त्यांच्याबरोबर राहून 2017 मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यावरच्या सिनेमाला 2021 मध्ये ऑस्कर मिळालं. त्यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. ही म्हातारी माणसं हंगामात कुठं जातात? तर साखरेच्या बीटाच्या काढणीला. साखरेसाठीच माझी आई कोपीत राहिली होती. जगाच्या त्या टोकाला मोटार आहे, आपल्याकडं बैलगाडी होती, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट तिकडची आणि इकडची सारखी आहे. फिरत्या माणसाला पत्ता नसतो, आणि पत्ता नसला की कागद अडतात. अमेरिकेत साउथ डकोटा नावाच्या राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल घेणाऱ्याचा पत्ता दाखवला, की अशा माणसांना वाहन परवाना मिळू शकतो. आपल्याकडं रेशनकार्ड एका गावचं, आधार दुसऱ्या गावचं, मतदान तिसरीकडं, अशी माझी अवस्था होती. मालगाडीचा परवाना दर काही वर्षांनी नवा करावा लागतो. पूर्वी तीन वर्षांनी, आता पाच. प्रत्येक वेळी राहण्याच्या पुराव्यासाठी कुणाचे तरी पाय धरायचे. भटक्या जमातींच्या किती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे सोसलं, ते मी रस्त्याकडेच्या पालांवर चहा पिताना ऐकलं आहे. गावकुसाबाहेर पाल टाकलेल्याला दाखला कोण देणार? त्यांच्या मानानं माझं दुःख फार लहान. पण गाव निवडताना एक गोष्ट पक्की ठरवली होती: जिथं कागदावर नाव लावायला गाव तयार असेल, तिथंच राहायचं.

पाटोद्याकडं परत जाण्याचा विचार केला नव्हता असं नाही. आईवडील गेले, घराची एक भिंत पडली, जमीन भावाभावांत वाटून इतकी थोडी राहिली की त्यावर दोन कुटुंबं जगणं शक्य नव्हतं. शिवाय माझी पोरं त्या गावाला पाहुणीच होती. शहरात राहायचं, तर भाडं भरण्यासाठी परत गाडीवर चढावं लागलं असतं. मग मी रस्त्यावरच्या गावांचा मनातल्या मनात हिशेब मांडला. पाणी, शाळा, एसटी, दवाखाना, भाडं, आणि मला येणाऱ्या कामाला गिऱ्हाईक. या सगळ्यात बसणारी गावं पाच-सहा निघाली. त्यातून कनेरगाव नाका वर आलं, ते फार जुन्या एका रात्रीमुळे.

पावसाळा होता. इंदूरहून बटाटा भरून हैदराबादला चाललो होतो. पैनगंगेच्या पुलाच्या पुढं आलो आणि मागच्या डाव्या बाजूला धाडकन आवाज झाला. गाडी कलली. उतरून बॅटरी मारली तर स्प्रिंगचा मेन पाटा मधोमध तुटलेला आणि त्याच्या खालच्याला चीर गेलेली. बटाट्याचा माल पावसात उभा राहिला की गोण्यांतून पाणी सुटतं, आणि नासलेल्या मालाचे पैसे शेवटी ड्रायव्हरच्या पगारातून कापले जातात. पहिल्या गिअरवर कसंबसं नाक्यापर्यंत आणलं. सगळं बंद. एका टपरीच्या पत्र्याखाली खाटेवर एक म्हातारे काका झोपले होते. त्यांना विचारलं, तर ते उठून, पोतं डोक्यावर घेऊन, स्वतः पावसात पाटेवाल्याच्या घरी गेले आणि त्याला घेऊन आले.

पाटेवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. बोलला काही नाही. लाकडाचे ओंडके आणले, जॅक लावला आणि मालाचं वजन पाट्यावरून उतरवून ओंडक्यांवर घेतलं. मग म्हणाला, “आता झोपा भाऊ. मेन पाटा माझ्यापाशी नाही. सकाळी पहिल्या गाडीनं हिंगोलीहून मागवतो. अंधारात केलेलं काम उजेडात परत बघावंच लागतं, त्यापेक्षा उजेडातच करू.” सकाळी खरंच एसटीच्या कंडक्टरनं गोणपाटात बांधलेला पाटा नाक्यावर उतरवून दिला.

यू-बोल्टचे नट गंजून बसले होते. त्यावर रॉकेल सोडलं, पान्याला लांब पाइप अडकवून दोघांनी जोर लावला. जुने पाटे सुटे करून एकेक घासला, मध्ये ग्रीस भरलं, नवा पाटा वर घेतला, सेंटर बोल्ट बसवला. सगळं आवळून झाल्यावर गाडी रस्त्यावर पुढं-मागं करायला लावली आणि परत सगळे नट आवळले. निघताना बजावलं, “हिंगोलीच्या पुढं गेल्यावर एकदा थांबून आवळून घ्या. नवा पाटा वजनाखाली बसतो तशी नट ढिली पडते.” माझ्याकडं डिझेलपुरतेच पैसे होते. त्यानं वहीत गाडीचा नंबर लिहिला आणि परतीच्या फेऱ्यात द्या म्हणाला.

परतताना थांबलो. मला बघताच त्यानं पहिला प्रश्न विचारला, “हिंगोलीपुढं नट आवळली का?” मग पैसे घेतले, नीट मोजले आणि मी वरचे म्हणून दिलेले परत केले. रात्रीचा, पावसातला, अडलेला ड्रायव्हर; मागेल ती रक्कम मी कबूल केली असती, हे त्यालाही माहीत होतं. रस्त्यावर अशी ठिकाणं मी पाहिली आहेत, जिथं अडलेल्याकडून दुप्पट घेतात, कारण हा माणूस परत येणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. जो पुन्हा कधी दिसणार नाही त्याच्याशी गाव कसं वागतं, यावरून मी गाव ओळखायला शिकलो ते त्या दिवसापासून. पुढं कितीदा तरी तिथून गेलो. दरवेळी थांबलो. ते वागणं एकट्या पाटेवाल्याचं नव्हतं हे हळूहळू कळत गेलं.

हे गाव असं का, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, सरहद्दीवर राहिल्याचा हा गुण असावा. पैनगंगेच्या अलीकडं निजामाचं राज्य होतं. पलीकडचा वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणजे दोन वेगळी सरकारं आणि मध्ये एक नदी. निजामाच्या हद्दीवर मालाची जकात घेणारी करोडगिरीची नाकी असायची. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं जीव वाचवायला हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली आणि 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर परत आली. 1956 मध्ये मराठवाडा आणि विदर्भ एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात आले, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि हद्द राहिली ती फक्त दोन विभागांची, दोन जिल्ह्यांची. आजही नाक्यावर एमएच 37 आणि एमएच 38 अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या शेजारी उभ्या असतात. लेकी नदीपलीकडं दिलेल्या, सुना पलीकडून आणलेल्या. कुणाचा बाजार वाशीमला, कुणाचा हिंगोलीला. ज्या गावातल्या घराघरात कुणी ना कुणी पलीकडचं आहे, तिथं परका माणूस दिसला की लोकांच्या कपाळाला आठी पडत नाही.

रेल्वेनंही हेच केलं असणार. पूर्णा–अकोला मार्ग पूर्वी मीटरगेज होता. मीनाक्षी एक्सप्रेस थेट जयपूरहून याच रुळावरून दक्षिणेकडं जायची. 2008 मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला. गावाला लहान स्टेशन आहे, पॅसेंजर थांबते. पण राजस्थानापासून तेलंगणापर्यंतची माणसं डोळ्यांखालून जात असली की गावाची नजर आपोआप लांबचं बघते.

हे सगळं झालं माझं म्हणणं. निर्णय मात्र बायकोचा होता. मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, तुम्ही तिथं चहा प्यायला थांबता. मला तिथं दिवसभर राहायचंय. मी बघते.” तिला आणि पोरांना घेऊन मी दोन दिवसांसाठी आलो. माझ्या यादीतलं काहीच तिनं विचारलं नाही. पाणी किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात कुठून आणावं लागतं, हे तिनं बायकांना विचारलं. संडास घराला लागून आहे का बघितलं. शाळा सुटायच्या वेळी फाटकाजवळ उभी राहिली आणि पोरी घरी कशा जातात, एकट्या की घोळक्यानं, रस्त्यावर कोण उभं असतं, ते बघितलं. तिन्हीसांजेला पोरीला घेऊन शाळेपासून खोलीपर्यंत चालत आली. दुसऱ्या दिवशी एका वाड्यात बायका वाळलेली हळद निवडत होत्या, बंडा वेगळा, हळकुंड वेगळं. ती त्यांच्यात जाऊन बसली आणि दुपारभर हात चालवत राहिली. संध्याकाळी हात पिवळे करून आली आणि म्हणाली, “इथं राहू. बायका कामाचं बोलतात, उगाच खोदून विचारत नाहीत.”

खोली मिळवताना सगळीकडं विचारतात ते इथंही विचारलं गेलं. कुठले, कोणत्या समाजाचे, इकडं कोण ओळखीचं. एका ठिकाणी उत्तर ऐकून खोली दिलेली आहे असं सांगितलं. खोटं कशाला लिहू? माणसं सगळीकडं माणसंच असतात. पण त्याच संध्याकाळी टपरीवरच्या काकांनी एका आजींकडं नेलं. आजी म्हणाल्या, “भाड्याचं मागून बघू. तुह्या बायकोला आधी विहीर दाखव.” त्यांच्याच घराच्या वीजबिलाच्या आधारावर भाडेकरार झाला, ग्रामपंचायतीनं रहिवासी दाखला दिला आणि आधारवर पत्ता बदलला. 2021 च्या उन्हाळ्यात आम्हा चौघांच्या सगळ्या कागदांवर पहिल्यांदा एकच गाव आलं. मतदार यादीत बायकोचं आणि माझं नाव एकाखाली एक छापलेलं बघून ती बराच वेळ बोटानं ते पुन्हा पुन्हा वाचत होती.

साठवलेल्या पैशांतून मी हवा-पंक्चर आणि ग्रीसिंगचं दुकान टाकलं. एक कॉम्प्रेसर, दोन जॅक, लोखंडी टॉम्या, पाने. या धंद्यात महाराष्ट्रभर केरळची मंडळी पाय रोवून आहेत. घरापासून एवढं लांब, भाषा परकी, तरी रात्री-अपरात्री उठून चाक उघडतात. परगावी जाऊन विश्वास कसा कमवायचा, हे मी त्यांच्याकडं बघूनच शिकलो. दुकानात माझं सगळ्यात आवडतं काम पैशाचं नाही. गाडी थांबली की टॉमी घेऊन प्रत्येक टायरवर ठोका मारत जातो. हवा पुरेशी असेल तर टॉमी उसळी घेते आणि आवाज खणखणीत येतो. जोडटायरातल्या आतल्याची हवा गेलेली असेल तर आवाज मऊ, दबका येतो. बाहेरून ते दिसत नाही. बाहेरचा टायर सगळा भार ओढत असतो, तापतो आणि पुढं घाटात फुटतो. नांदेड गाठायची घाई झालेल्या ड्रायव्हरला मी हात धरून थांबवतो आणि तो आवाज ऐकवतो. कुणी कुणी चिडतं. आतलं चाक काढून खिळा हातावर ठेवला की शांत होतं.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत धंद्याचा खरा हंगाम. हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवसांत ट्रॅक्टरला जोडलेले वाफेचे कुकर या शेतातून त्या शेतात हळद शिजवत फिरतात. शिजलेली हळद वाळली की ढोलात घालून तिला पॉलिश करतात आणि मग ती हिंगोलीच्या बाजारात जाते. या ट्रॉल्या, कुकर, ढोल सगळे हवेसाठी, पंक्चरसाठी दुकानावर येतात. बायकोला हळद निवडायचं काम मिळतं. पोरगी आता बारावीला आहे, एसटीच्या मोफत पासावर कॉलेजला जाते. सावकाशीनं अभ्यास करते, नर्सिंगला जायचं म्हणते. पोरगा दुकानात बसायला बघतो, मी त्याला संध्याकाळी एक तासच बसू देतो.

अडचणी आहेत. जोराचा पाऊस झाला की पैनगंगा फुगते आणि रस्ता तासन्‌तास अडतो. मे महिन्यात पाण्यासाठी बायकांना पहाटे उठावं लागतं. मोठं दुखणं आलं तर हिंगोली, आणि तिथंही भागलं नाही तर नांदेड. पहिलं वर्ष माझ्या शरीरालाही जड गेलं. पहाटे तीनला डोळे टक्क उघडायचे, हात स्टिअरिंग शोधायचे. एका जागी थांबणं हे सुद्धा काम आहे आणि ते अंगवळणी पडायला वेळ द्यावा लागतो. शेजारच्या मयतीला खांदा दिला, लग्नात पंक्तीत वाढलं, ग्रामसभेत पाण्यासाठी तोंड उघडलं, तेव्हा कुठं झोप लागायला लागली.

एकादशीला आम्ही कधीमधी नर्सीला जातो. हिंगोलीजवळचं नर्सी हे नामदेव महाराजांचं जन्मगाव. 1270 मधला त्यांचा जन्म. इथून निघालेला हा माणूस पंढरपूर करून, भारतभर हिंडून पंजाबात घुमान नावाच्या लहान गावात राहिला. त्या गावानं त्यांना आपलं मानलं, इतकं की शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत आणि पंजाबी ड्रायव्हर आजही ‘भगत नामदेव’ म्हणून हात जोडतात. 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा आपल्याकडं सगळ्यांना त्या गावाचं नाव कळलं. दुकानावर पंजाबची गाडी थांबली की मी आवर्जून सांगतो, भगत नामदेवांचं गाव इथून जवळ आहे. त्यांच्या चेहऱ्यावर लगेच ओळख उमटते. आपल्या माणसाला त्यांच्या मुलखानं घर दिलं, तर त्यांच्या माणसाला आपल्या नाक्यावर निदान पाणी, सावली आणि खरा भाव मिळायला हवा, एवढा साधा हिशेब माझ्या मनात आहे.

हल्ली मला काळजी आहे ती रस्त्याची. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यांच्या हद्दींवरची विक्रीकराची नाकी गेली. फास्टॅग आला, टोलवरचं थांबणं कमी झालं. रस्ते चौपदरी झाले, मोठ्या गावांना वळणरस्ते निघाले. ड्रायव्हर म्हणून मला हे सगळं हवंच होतं. नाक्यानाक्यावर रांगेत गेलेल्या रात्री मी विसरलेलो नाही. पण गाड्या थांबेनाशा झाल्या की गावांची अनोळखी माणसांशी वागायची सवयही मोडेल, असं वाटतं. शिवाय रस्ता कितीही चांगला झाला तरी ड्रायव्हरला अंघोळ करावी लागते, झोपावं लागतं. बायका आता ट्रक चालवायला येतायत, त्यांना तर बंद दाराचं न्हाणीघर पाहिजेच. ग्रामसभेत मी हेच मागतो: महामार्गावरच्या प्रत्येक लहान गावानं गाड्या लावायला उजेडाची एक जागा, दोन न्हाणीघरं आणि चोवीस तास पाणी द्यावं. त्यातून गावातल्या चार घरांचं पोटही भरेल.

आणि गाडीवरून उतरणाऱ्या माझ्या भावांना सांगायचं ते एवढंच. गाव शोधायचं तर हात-पाय धड आहेत तोवर शोधा. सणाच्या दिवशी गाव बघू नका, अडचणीच्या दिवशी बघा. खिशात पैसे नसताना तिथं काय होतं ते आठवा. बायको-पोरांना आधी नेऊन दाखवा आणि त्यांचा कौल माना. ग्रामपंचायत दाखला देते का ते विचारा. राहायला गेलात की पहिल्याच महिन्यात गावाच्या एखाद्या कामाला हात लावा. त्यानंतर रात्री कुणी अडलेला ड्रायव्हर दार वाजवेल, तेव्हा उठा, त्याचं चाक नीट बसवून द्या, आणि दिवसा जेवढे घेतले असते तेवढेच पैसे घ्या.